नव्या इमारतीचे सहा खांब

१२ जानेवारी, सोमवार

न.प.चं (नगरपरिषदेचं) पत्र आलं. शिपायाने पोचवहीवर सही घेतली. 'इमारत समिती'वर माझं नाव. एकूण पाच जण: नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, दोन नगरसेवक आणि शेवटी 'निवृत्त ओव्हरसिअर श्री. प्रभाकर सामंत'. बाजारपेठेतल्या न.प.च्या दोन्ही इमारती ठेवायच्या की पाडून नवीन बांधायच्या, यावर समितीने एप्रिलपर्यंत मत द्यायचं.

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत घरपट्टीच्या बिलाखेरीज त्यांचा एक कागद आला नव्हता.

सु.ला पत्र वाचून दाखवलं. (लग्न झाल्यापासून वहीत तिला सु.च लिहितो. सुमन लिहायला हात वळत नाही.) ती चवळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमका इचारल्याशिवाय तेंचा भागूचा नाय, माका म्हायत होता." पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

खरं सांगायचं तर छाती फुगली. इथे कोण बघतंय, म्हणून लिहितो.

१६ जाने., शुक्र.

पहिली बैठक. नगराध्यक्ष राजन. त्याच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. हा चव्वेचाळीसचा, नुकताच निवडून आलेला, कामाचा माणूस. भिंतीवर मोठं चित्र लावलं होतं: चार मजली संकुल, काचा, लिफ्ट, खाली दुकानगाळे. दोन्ही इमारती पाडून त्या जागी हे.

त्याचं म्हणणं खोटं नाही. जुनी कचेरी जांभ्या चिऱ्याची, कौलारू, आमच्या आजोबांच्या काळातली. पावसात फायलींवर ताडपत्री घालतात. नवी इमारत दुमजली, स्लॅबची. म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही, बायकांसाठी धड संडास नाही.

'नवी'. त्रेचाळीस वर्षं झाली तरी गाव तिला नवीच म्हणतं. माझ्या देखरेखीखालची पहिली इमारत. मी पंचवीसचा होतो. पायापासून गच्चीपर्यंत रोज उभा असायचो. एवढी वादळं आली-गेली, एक काच फुटली नाही.

बैठकीत स्वच्छ सांगितलं: जुनी हवी तर पाडा, नवीला हात लावू नका.

राजन हसला. "काका, बापाने पोराची बाजू घेतल्यासारखं बोलताय."

"मगे? घेवची नाय?"

सगळे हसले. मीही.

ठरलं ते असं: आधी तपासणी. न.प.ची जे.ई. (कनिष्ठ अभियंता) रेश्मा मेतर करील. कोल्हापूरहून यंत्रवाले येतील. तोवर कुणी मत बनवायचं नाही. (माझं तयार आहे.)

१९ जाने.

गुडघा दुखतो. तेल लावलं. जयूचा पुण्याहून फोन. तिला समितीचं सांगितलं. "बाबा, उगाच वाद घालू नका तिथे." ही माझीच मुलगी.

२ फेब्रु., सोम.

तपासणीचा पहिला दिवस. रेश्मा आठ वाजता हजर, मी पावणेआठला. सत्तावीसची असेल. तारकर्लीची, बापाची होडी आहे. आमच्या वेळी न.प.त बाई म्हणजे जन्ममृत्यू नोंदीची कारकून. आता जे.ई., डोक्यावर पिवळी टोपी, हातात हातोडी. बघून बरं वाटलं.

नव्या इमारतीच्या पूर्व बाजूने सुरुवात. ती खांबावर हातोडी मारते आणि कान देते. आवाज खणखणीत. मी सोबत फिरून सांगत होतो: ही स्लॅब एका दिवसात ओतली, पहाटे पाच ते रात्री नऊ, कुणी जेवायला उठलं नाही. ती सगळं ऐकून घेत होती. वहीत मात्र माझं काही लिहीत नव्हती, फक्त आकडे.

दुपारी पश्चिम बाजू, समुद्राकडची. तळमजल्यावर जन्ममृत्यू नोंदणी. तिथल्या कारकून बाईंनी टेबल कोपऱ्यात सरकवलेलं. वरून दोनदा तुकडे पडले म्हणाल्या.

मी म्हटलं, "छताचं प्लास्टर कधीतरी सुटतं. त्यात काय."

रेश्मा शिडीवर होती. "काका, प्लास्टर नाही हे. काँक्रीटच सुटलंय." तिने हात खाली केला. तळहातावर गंजाचे पापुद्रे, कांद्याच्या सालीसारखे. सळीचे.

मी एक पापुद्रा बोटांत चुरला.

३ फेब्रु.

आज जुनी कचेरी. पोरगी माळ्यावर चढली, साडेतीन तास उतरली नाही. तुळयांत जागोजाग सुरी खुपसून बघत होती. किंजळीचं लाकूड. सुरी जाईना. खाली आली ती जाळ्यांनी माखलेली, आणि पहिल्यांदाच हसताना दिसली. "काका, हे ज्यांनी बांधलं त्यांना भेटायला हवं होतं."

कौलं बदलायला हवीत, वासे काही बदलायला हवेत. भिंती ठणठणीत.

माझ्या इमारतीबद्दल तिने असं काही म्हटलं नाही. म्हणेल अशी वाट बघत होतो. या वयात.

२० फेब्रु., शुक्र.

खांबांतून नळीने नमुने काढून कोल्हापूरला नेले होते, त्यांचे निकाल आले. रेश्माने मला बोलावून दाखवले, समितीत ठेवण्याआधी. मान म्हणून.

जुनी कचेरी: दुरुस्तीजोगी. नवी, पूर्व बाजू: चांगली. नवी, पश्चिम बाजू: सहा खांब धोकादायक. काँक्रीटमध्ये मीठ, मर्यादेच्या कितीतरी वर.

तिने साधाच प्रश्न विचारला. "काका, मीठ नेमकं ह्या सहाच खांबांत कसं? त्यांना चिकटून असलेला सातवा साफ आहे. खारी हवा तर सगळ्यांनाच लागते."

मी म्हटलं, "पश्चिमेचा वारा."

ती म्हणाली, "हं." वही मिटली.

जेवलो नाही. सु.ला सांगितलं पोट बरं नाही. मला उत्तर माहीत आहे. आज लिहीत नाही.

२२ फेब्रु., रवि.

लिहून टाकतो.

त्या वर्षी मे महिना. उद्घाटनाची तारीख ठरलेली, मंत्री येणार. पूर्व बाजू उभी झाली होती. पश्चिमेचे खांब राहिले होते. आणि नदीच्या वाळूचे ट्रक बंद पडले. ठेकेदाराने किनाऱ्यावरची रेती आणून टाकली. मी काम थांबवलं. एक दिवस. दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला: गोड्या पाण्याने तीनदा धुऊन वापरू द्या. धुतली तर चालण्यासारखी होती. दोन दिवस मी स्वतः ढिगाशेजारी उभा राहून धुऊन घेतली.

तिसऱ्या दिवशी माझा साखरपुडा. नेरूरला, सु.च्या घरी. तीन दिवस गेलो.

परत आलो तेव्हा सहा खांब उभे. गोणपाट गुंडाळलेलं, वर पाणी मारणं चालू. मुख्य गवंडी सदू मेस्त्री. त्याला विचारलं, "सदू, रेती धुतलंस मा?" सदूने मान खाली घातली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. काम बरोबर झालं म्हणून मापवहीत सही केली.

चार ओळींत मावलं. त्रेचाळीस वर्षं ह्या चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

१ मार्च, रवि.

राजन घरी आला. सु.ने सोलकढी दिली. आधी आंब्याच्या मोहराबद्दल बोलला, मग मुद्द्यावर.

"काका, रिपोर्ट पुढच्या महिन्यात सभेत जाणार. मला एक वाक्य हवंय. 'खाऱ्या हवेमुळे दोन्ही इमारतींचं आयुष्य संपत आलं आहे.' रेश्मा लिहायला तयार नाही. तुम्ही लिहिलंत तर लोक ऐकतील. तुमच्याएवढं त्या इमारतीला कोण ओळखतं?"

त्याने सोलकढीचा पेला खाली ठेवला.

"त्यात कुणाला दोष नाही. माणसासारखीच इमारत. चाळीस वर्षं राबली, थकली. आपण तिला मानाने निरोप देऊ. नव्या संकुलात तुमच्या नावाची पाटी लावू. मी शब्द देतो."

वाईट माणूस नाही तो. त्याला हे खरंच मानाचं वाटतं. आणि इथे खरं लिहायचं तर मलाही वाटलं. 'थकली' म्हटलं की माझ्यावर काही येत नाही. फक्त त्या एका वाक्यासोबत जुनी कचेरीही जाते आणि माझी पूर्व बाजूही.

"विचार करून सांगतो," म्हटलं.

४ मार्च

चालायला गेलो नाही. बाजारातून जावं लागतं.

७ मार्च, शनि.

आरोंद्याला जाऊन आलो. एस.टी.ने, सावंतवाडीला बदलून. सदू मेस्त्री तिथे लेकीकडे असतो. ब्याऐंशी. खाडीच्या बाजूला पडवीत बसला होता. डोळ्यांनी कमी दिसतं, आवाजावरून ओळखलं.

"भाऊनू, तुमी? इतक्या लांब?"

चहा झाला. मी सांगितलं, सहा खांब गेले. त्याला धक्का बसला नाही.

"जातलेच होते. मी धुवक लावलेलंय. पण पाणी खंय होता? ट्यांकर मंत्र्याच्या मांडवाकडे नेल्यानी, धूळ बसूक होयी म्हणान. ठेकेदार म्हणालो, घाल. मी घातलंय."

कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुमी नेरूरसून इलात. माका इचारलात. मी मान खाली घातलंय. परत एकदा इचारतलात म्हणान मी वाट बगलंय. इचारलात असतास तर मी सांगणार होतंय."



त्यानेच विषय बदलला. जुन्या कचेरीचे चिरे त्याच्या आज्याने लावलेले. दोन चिऱ्यांच्या सांध्यात नख शिरू नये असा आज्याचा हट्ट. "थय आजून शिरूचा नाय. बगा जावन." आमची पूर्व बाजूही त्याने खांबन्‌खांब आठवून सांगितली. ब्याऐंशीव्या वर्षी, डोळे नसताना, हात हवेत फिरवत. मला वाटतं तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो तिला.

निघताना म्हणाला, "सभेत माजा नाव सांगा. माका आता कोण काय करतलो."

"तुझा नाय रे," म्हटलं. "सही माझी आसा."

८ मार्च, रवि.

सु.ला सांगितलं. सगळं, साखरपुड्यासकट. ती आमसुलं उन्हात पसरत होती. हात थांबले.

"तेवाच सांगितला असतास तर साखरपुडो आठ दिवस फुडे ढकललो असतो. आमच्या घरातली काय वाघ नाय होती."

"तेवा सुचला नाय."

"आता काय करतलास?"

म्हटलं, गावात काय तोंड दाखवू. भाऊ सामंताने खारी रेती घालून न.प. बांधली, असं पोरंसोरं बोलतील.

"बोलांदेत." पुन्हा आमसुलं पसरायला लागली. "बांदलात तुमी, मगे सांगूचा पण तुमीच. दुसरो कोण सांगतलो?"

सगळी आमसुलं पसरून झाली. मग म्हणाली, "माका ते खांब दाखवा."

९ मार्च

सु.ला घेऊन न.प.त गेलो. रेश्माने खांबांभोवती पिवळी फीत बांधली आहे. सु. फितीबाहेर उभी राहून एकेक खांब बघत होती. "जयूच्या दाखल्याक इलंय तेवा ह्या खांबाक टेकान उभी होतंय. गर्दी होती." एवढंच. माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

येताना पूर्व बाजूचा जिना चढून गच्चीवर नेलं. इथून समुद्र दिसतो, बाजार दिसतो, जुन्या कचेरीची कौलं अगदी हाताशी. सु. म्हणाली, "ह्या बरा बांदलास." बरा. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक असेल.

११ मार्च, बुध.

रेश्माला सांगितलं. तिच्या टेबलासमोर उभं राहून, बसवेना. वाटलं होतं, चेहरा उतरेल, किंवा निदान गप्प होईल. ती एकदम सावध झाली, मांजर होतं तशी.

"म्हणजे फक्त ते तीन दिवस? फक्त ते सहा खांब?"

"फक्त."

"काका, लेखी द्याल?"

मी म्हटलं देतो. तिने पाणी दिलं, मग कागद पुढे घेऊन समजावलं. कारण खारी हवा असेल तर बाकीच्या इमारतीही आज ना उद्या जाणार. मग पाडा म्हणणाऱ्यांचं बरोबर. पण कारण तीन दिवसांची रेती असेल, तर दुखणं तेवढ्यापुरतंच. पूर्व बाजू वाचते, जुनी कचेरी वाचते. "तुमच्या कागदाशिवाय मला हे सिद्ध करता येत नव्हतं. मी फक्त मीठ दाखवू शकत होते. ते कुठून आलं ते नाही."

मी तिला त्या दिवशी वारा म्हणून सांगितलं होतं. तिने त्याचा उल्लेखही केला नाही.

घरी येऊन दोन पानं लिहिली. अक्षर चांगलं आलं.

१४ मार्च

राजनला फोन केला. म्हटलं, ते वाक्य मी लिहिणार नाही. दुसरं लिहिलंय. वाचून दाखवलं. 

"काका, हे वाचलंत तर लोक तुमचं काय करतील, कल्पना आहे?"

"आहे."

"मला तुमची काळजी वाटते म्हणून सांगतोय."

खरंच वाटत असावी.

२ एप्रिल

आंबे उतरवायला माणसं. दिवस त्यात गेला. बरं झालं.

१६ एप्रिल, गुरु.

सर्वसाधारण सभा. जुन्या कचेरीतच, मोठ्या दालनात. लोक खिडक्यांपर्यंत. सु. मागच्या बाकावर, शेजारणीबरोबर. येऊ नको म्हटलं होतं.

रेश्माने अहवाल वाचला. कुणी आवाज चढवला तरी ही चढवत नाही. एका नगरसेवकाने विचारलं, "मॅडम, जुनी कचेरी पन्नास वर्षं टिकेल अशी गॅरंटी देता?" ती म्हणाली, "वर्षं मी सांगणार नाही. दर पावसाळ्यानंतर बघावी लागेल, आणि बघितली तर टिकेल. नवीन बांधलीत तरी बघावीच लागेल." बापाच्या होडीवर शिकली असेल हे.

मग माझं नाव पुकारलं. कागद वाचला. तारखा, ढीग, पाणी, सही. साखरपुडाही वाचला, कारण तीन दिवस मी कुठे होतो ते कुणीतरी विचारणारच. सदूचं नाव घेतलं नाही.

 मग एक जण म्हणाला, "म्हणजे दोषी ओव्हरसिअरच."

"होय," म्हटलं. "इतिवृत्तात लिहून घ्या."

 

राजन उठला. माझ्यावर शब्द काढला नाही. म्हणाला, "काकांनी सांगितलं ते सांगायला छाती लागते. पण रेती कुठलीही असो, आमच्या म्हाताऱ्या माणसांना अजून जिना चढावा लागतो. संकुलाची गरज संपलेली नाही." हेही खरं आहे. टाळ्या त्याला माझ्यापेक्षा जास्त पडल्या, पडायलाच हव्या होत्या.

मतदान. दोन्ही पाडाव्यात: आठ. फक्त पश्चिम बाजू पाडावी, बाकी दुरुस्त करावं: आठ. निर्णायक मत नगराध्यक्षांचं. राजन कागद बघत बसला होता, मिनिटभर तरी. मग म्हणाला, "आज मत देत नाही. जिल्ह्याला कळवून तज्ज्ञांची समिती मागवतो." आरडाओरडा झाला. एका गोष्टीवर मात्र सगळे एक: पश्चिम बाजू उद्यापासून रिकामी.

बाहेर पडताना मासळी बाजारातली कृष्णाबाय पायरीवर. "भाऊ, बरा बोललंस." त्याच पायरीवर माझ्याबरोबर वीस वर्षं नोकरी केलेला एक गृहस्थ, मला बघून मोबाइल काढून बोलायला लागला. फोन वाजला नव्हता.

सु. माझ्याबरोबर चालत घरी आली. कुलूप उघडताना म्हणाली, "सरळ उबे ऱ्हवलेलास. मी बगी होतंय."

झोप लागली. शांत.

२० एप्रिल

सदूच्या लेकीला फोन केला, निकाल सांगायला. सदूने फोन घेतला. "माजा नाव घेवक नाय?" जरा रागावलाच. म्हणाला, ते खांब त्याचेही आहेत. आता काय करावं. पुढच्या वेळी घेईन म्हटलं.

२५ एप्रिल, शनि.

चहाच्या टपरीवर गेलो. मुद्दाम. दोघं उठून गेले, तिघांनी जागा दिली. हिशेब बरा आहे.

४ मे, सोम.

पश्चिम बाजूचं सामान हलवणं संपलं. जन्ममृत्यूच्या वह्या जुन्या कचेरीत नेल्या, कोरड्या खोलीत. आत लोखंडी टेकू लावायचे आहेत, स्लॅबला आधार म्हणून. रेश्माने विचारलं, "काका, याल का लक्ष ठेवायला? मानधन नाही. आणि मी सांगेन तसं करावं लागेल."

"येतंय," म्हटलं. तिची दुसरी अट ऐकून हसू आलं. आवडली.

१२ मे

टेकू लागले. दोन मला वाकडे वाटले, ओळंबा लावून दाखवले. तिने स्वतः मोजले. एक माझा बरोबर, एक चूक. चुकीचं मान्य करायला मला अजून वेळ लागतो, पण सवय होतेय.

जिल्ह्याचं पत्र आलं म्हणे: तज्ज्ञ समिती पावसाळ्यानंतर येईल. तोवर काही पाडायचं नाही, काही बांधायचं नाही.

१८ मे, सोम.

रेश्मा आणि मी खांबांच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक भेगेवर आडवी पट्टी, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की, वर तारीख. खांब हलला तर काच तडकते. डोळ्याला दिसत नाही ते काच सांगते. नऊ पट्ट्या. रोज सकाळी बघून नोंदवहीत लिहायचं. काम माझ्याकडे. तिने वही आखून दिली, शेवटचा रकाना 'पाहणाऱ्याची सही'.

पहिल्या पट्टीचं सिमेंट मी लावलं. हात अजून येतो.

२२ मे

नऊही शाबूत. जयूला फोनवर सांगितलं, बाप रोज कामावर जातो. ती म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज बदललाय."

२९ मे, शुक्र.

सकाळी साडेआठ. पट्टी १ ते ६ शाबूत. ७: वरच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ. काल नव्हती. पुसून पुन्हा बघितली. आहे. ८, ९ शाबूत. काच बसवतानाच सदोष होती, की खांब खरंच हलला, सांगता येत नाही. नोंद केली. सही केली, पूर्ण नावाची.

रेश्माला फोन लावला. घरून निघतच होती. "काका, बाहेर या. मी येईपर्यंत कुणाला आत सोडू नका."

"सोडूचंय नाय."

दारात खुर्ची टाकून बसलो आहे. ही वही पिशवीत होती, म्हणून इथेच लिहितो. मघाशी राजन आला. आत कपाटात एक फाइल राहिली आहे, दोन मिनिटांत घेऊन येतो म्हणाला.

"नाय," म्हटलं.

"काका, मी नगराध्यक्ष आहे."

"म्हणानच नाय. रेश्मा येवंदेत."

माझ्याकडे बघत उभा राहिला. मग हसला नाही, रागावलाही नाही. पँट जराशी वर ओढून बाजूच्या पायरीवर बसला. समितीने पावसाळ्यानंतर काय सांगितलं तर काय करायचं, हे त्यालाही माहीत नाही, मलाही नाही. तिकडे बाजार उघडतोय. दोघंही रस्त्याच्या वळणाकडे बघत बसलोय, तिची स्कूटर कधी दिसते.